बेळगावची स्प्रिंग

आमच्या दुकानात दिवसाला गिऱ्हाईक तीन-चारच. पण जे येतं ते लवकर उठत नाही. काडतुसं घ्यायला आलेल्या माणसाचा परवाना बघायचा, त्यावर नोंद करायची, रजिस्टरात सही घ्यायची, बंदूक सोबत आणली असेल तर उघडून नळीतून उजेड बघायचा. एवढ्यात अर्धा तास जातो. त्यात माणूस चंदगडचा असेल तर त्याची परतीची एसटी दुपारनंतर. मग तो भिंतीकडच्या बाकावर बसतो आणि बोलायला लागतो. ज्याच्या घरी बंदूक असते तो घरात तिच्याविषयी फारसं बोलत नाही. बायको वैतागते, सून घाबरते. ते सगळं बोलणं आमच्या बाकावर येऊन सांडतं. सासऱ्यांनी दुकान काढल्यापासून हे चालू आहे. किस्से साठणारच!

सांगताना लोक हसतात. घडताना आमच्यापैकी कुणी हसलेलं मला आठवत नाही.

आम्ही जैन. पाणी गाळून पिणारं, सूर्य मावळायच्या आत जेवणारं घर, आणि धंदा बंदुका-काडतुसांचा. सासऱ्यांना हे आयुष्यभर ऐकावं लागलं. बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, एकदा एका पाहुण्यांनी चारचौघांत विचारलं, की मुंगी चुकवून चालता आणि काडतुसं विकता, हे कसं काय? सासरे शांतपणे म्हणाले, "विकतोय की. उडवत न्हाय."

*

मी मराठी घेऊन एम.ए. झाले आणि सोळा वर्षं हायस्कुलात शिकवलं. दुकानाच्या परवान्यावर भागीदार म्हणून माझं नाव होतं, ते केवळ कागदावर. तीन वर्षांपूर्वी माझे पती अजित गेले. झोपेत गेले. चौदाव्या दिवशी मी दुकान उघडलं.

उघडलं म्हणजे कुलूप मी काढलं. दुकान खरं रसूल मिस्त्रींनी चालवलं. सासऱ्यांच्या वेळी एकोणिसाव्या वर्षी ते कामाला लागले. आज सत्तरीला टेकलेत. जिल्ह्यातल्या निम्म्या जुन्या बंदुका त्यांनी कधी ना कधी खोलून जोडल्या असतील.

टेबलामागे बाई बसलेली बघून गिऱ्हाईक दारातच थबकायचं. "मालक न्हाईत?" मी उत्तर जुळवायच्या आत आतल्या खोलीतून मिस्त्री सांगायचे, की मालक जेवायला गेलेत, काय पाहिजे ते वैनी देतील. गिऱ्हाईक निमूट परवाना काढायचं. सकाळी अकराला मालक जेवायला गेलेले, दुपारी चारलाही जेवायलाच गेलेले. असे महिनाभर अजित जेवतच होते. शेवटी शाहूवाडीकडचा एक म्हातारा, ज्याला बातमी ठाऊक होती, बाकावरून म्हणाला, "मिस्त्री, लई भूक लागलीया तुमच्या मालकाला."

मिस्त्रींनी हातातली कानस थांबवली. "जन्मभर डबा गार करून खाल्ला त्यांनी. आता खाऊ दे की निवांत."

मी रजिस्टरात बघत राहिले. दुसऱ्या दिवसापासून मिस्त्रींनी ते सांगणं बंद केलं.

*

खंडेनवमीच्या आदल्या आठवड्यात दुकानात गर्दी असते. वर्षभर कपाटात पडलेल्या बंदुका तेलपाण्यासाठी येतात. त्या पहिल्या वर्षी एका गृहस्थांनी दुनळी आणून माझ्यासमोर टेबलावर आडवी ठेवली. तोंड नेमकं माझ्याकडे. मला तेव्हा काहीच कळत नव्हतं. मी परवाना वाचत होते.

मिस्त्री बाहेर आले आणि चालता चालता थांबले. मग त्यांनी इतक्या हळू आवाजात "वैनी, जरा चहाचं बघता का?" म्हणून विचारलं की मला वाटलं त्यांना बरं नाही. मी उठले. त्यांनी बंदूक दोन्ही हातांनी उचलली, तिचं तोंड कोपऱ्यातल्या वाळूच्या बादलीकडे वळवलं आणि मधून मोडून उघडली. दोन्ही नळ्यांत काडतुसं होती! पितळेच्या बुडांवर हिरवा थर चढलेला.

गृहस्थ अजिबात गडबडले नाहीत. म्हणाले, ती वडिलांनी भरून ठेवलेली आहेत, वडील जाऊन वीस वर्षं झाली, आता ती काय उडतात? दरवर्षी पाटावर ठेवून हळद-कुंकू वाहतो, पोरंबाळं पाया पडतात.

"कुठल्या बाजूनं पाया पडत्यात?" मिस्त्रींनी विचारलं.

गृहस्थांनी थोडा वेळ आठवून बघितलं. मग ते बाकावर बसले आणि पाणी मागितलं.

*

पुढचा प्रसंग हा किस्सा नाही. पण तो सांगितल्याशिवाय नंतरचं काही कळणार नाही.

अजित असतानाची गोष्ट. वर्षानुवर्षं येणारं एक गिऱ्हाईक होतं. हसतमुख माणूस. बंदूक साफ करून घ्यायचा, नळी उजेडाकडे धरून डोळा लावायचा आणि दर वेळी काहीतरी खोट काढायचा, की इथं डाग राहिला, तिथं गंज राहिला. मिस्त्रींशी भांडण ठरलेलं. एका दुपारी तो आला, मुलांची चौकशी केली, चहा घेतला, काडतुसं आणि साफ केलेली बंदूक घेऊन गेला. चार दिवसांनी पेपरात त्याचं नाव आलं. त्याने स्वतःलाच संपवलं होतं.

अजितनी पेपरची घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवली. दुकान बंद करताना मिस्त्री म्हणाले, "त्या दिवशी त्यांनी नळी बघितली न्हाय, मालक. वीस वर्षांत पहिल्यांदा. मी हसलो. म्हटलं, आज भांडण वाचलं."

ही हकिकत मला अजितनी घरी येऊन सांगितली होती. पुन्हा कधी तो विषय निघाला नाही.

*

त्यानंतर महिनाभराने बेळगावची स्प्रिंग पहिल्यांदा निघाली.

वारणेकाठचा एक तरुण शेतकरी भर दुपारी आला. धाप लागलेली, शर्टाची बटणं खालीवर. परवाना रीतसर होता. काडतुसं मागता मागता त्याने थोरल्या भावाचं नाव तीनदा घेतलं. बांधावरून काहीतरी झालं होतं. अजितनी मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्रींनी त्याची बंदूक हातात घेतली, घोडा ओढला, कान लावून ऐकल्यासारखं केलं आणि मान हलवली. स्प्रिंग गेलीय म्हणाले. अशीच वापरलीस तर तुझ्याच तोंडावर येईल. कोल्हापुरात ती मिळत नाही, बेळगावहून मागवावी लागेल. मंगळवारी ये.

तरुण चिडला, टेबलावर हात आपटला, पण बंदूक ठेवून गेला. मंगळवारी दोघं भाऊ एकाच मोटरसायकलवरून आले. थोरला पुढे होऊन मिस्त्रींना म्हणाला, "माझ्या भावाची बंदूक हाय. स्प्रिंग जरा चांगल्यातली घाला."

"बेळगावची हाय," मिस्त्री म्हणाले, आणि होती तशी बंदूक त्याच्या हातात दिली.

हे मला ठाऊक नव्हतं. मी दुकानात बसायला लागल्यावर दुरुस्तीच्या वहीत जागोजागी "स्प्रिंग, बेळगाव" असं दिसायला लागलं. माल आल्याची पावती मात्र एकही नाही. शिक्षिकेची सवय, मी मिस्त्रींना विचारलं, की बेळगावचा हा व्यापारी कोण?

ते चष्मा पुसत म्हणाले, "वैनी, बेळगावला मी एकदाच गेलतो. साडूच्या लग्नाला."

*

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता आप्पासाहेब आले. वारणानगरच्या कॉलनीत राहणारे, शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. पांढरा शर्ट, खिशाला पेन. वडिलांची दुनळी त्यांच्या नावावर झालेली होती. कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ओळीने लावलेले. फोल्डर कुणा मुलाचं होतं. वर कॉलेजचं नाव, रोल नंबर आणि "प्रसाद" असं स्केचपेनने लिहिलेलं.

बंदूक साफ करून हवी होती आणि पाच काडतुसं. मी सहज विचारलं, की शेतात डुकरं फार झालीत का? ते म्हणाले, शेत विकून बारा वर्षं झाली.

मिस्त्रींनी नळी साफ करून त्यांच्यापुढे धरली. आप्पासाहेबांनी ती घेतली, उजेडाकडे न धरता मांडीवर आडवी ठेवली आणि म्हणाले, "आजच मिळतील न्हवं काडतुसं?"

मिस्त्रींनी बंदूक परत मागून घेतली. घोडा ओढला, कान लावला.

आप्पासाहेबांनी वाद घातला नाही. "दुरुस्तीसाठी जमा" अशी पावती घेतली, फोल्डरमध्ये लावली आणि मंगळवारी येतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुकानात फोन आला. बाईचा आवाज. आप्पासाहेबांच्या पत्नी, सुमनताई. त्यांनी पावतीवरून नंबर घेतला होता. मुलगा हायवेवर मोटरसायकलच्या अपघातात गेला, त्याला महिनाही झाला नव्हता. एकुलता एक. सगळं त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. मग म्हणाल्या, "त्यांना बंदूक देऊ नका. आणि मी सांगितलं म्हणून सांगू नका."

मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर विचार केला, की मी कशाच्या जोरावर हो म्हटलं? परवाना त्यांचा, बंदूक त्यांची, कागद चोख. नाही म्हणायचा मला अधिकार नव्हता. त्यांनी तक्रार केली असती तर दुकानाचा परवाना अडचणीत आला असता. काडतुसं शहरात दुसरीकडेही मिळतात. त्यांना न मिळण्यासारखी गोष्ट एकच होती, आणि ती आमच्या रॅकमध्ये उभी होती.

*

मंगळवारी बरोबर अकराला आप्पासाहेब आले. स्प्रिंग आली नव्हती. पुढच्या मंगळवारी आले. बेळगावचा माणूस आजारी होता. त्याच्या पुढच्या मंगळवारी आलेली स्प्रिंग मापात बसत नव्हती. मिस्त्रींनी इतक्या वर्षांत बेळगावच्या त्या माणसाला जे जे केलं नव्हतं, ते सगळं त्या दोन महिन्यांत केलं. त्याला आजारी पाडला, त्याचं घर बदललं, त्याच्या पोरीचं लग्न काढलं.

सुरुवातीला आप्पासाहेब दारात उभे राहूनच विचारायचे आणि परत फिरायचे. मग बाकावर टेकायला लागले. मग चहा घ्यायला लागले. बोलायचे कमी. एकदा मला विचारलं, की तुमचे मालक गेल्यावर दुकान कितव्या दिवशी उघडलं? मी चौदाव्या म्हटलं. त्यांनी मनात काहीतरी मोजलं आणि मान हलवली.

ते गेले की तासाभराने सुमनताईंचा फोन यायचा. निघाले का, एवढंच. मी निघाले म्हणायची. एकदा त्या फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "मंगळवारी दाढी करतात ते. बाकी दिवशी न्हाय करत."

हे मी मिस्त्रींना सांगितलं. त्या आठवड्यापासून मंगळवारी मिस्त्रींचा हात कामाला नीट लागेना. अकरा वाजायच्या आधी ते तीनदा रॅककडे बघून यायचे.

*

अशाच एका मंगळवारी चंदगडचा एक शेतकरी बाकावर होता. तिकडचा पाऊस म्हणजे काडतुसांचा शत्रू. ओल धरली की ती फुगतात आणि नळीत जात नाहीत. मग प्रत्येकाचा आपापला उपाय. या माणसाचा उपाय म्हणजे तांदळाचं पिंप. काडतुसं त्यात खोल खुपसून ठेवायची, तांदूळ ओल ओढून घेतो.

घरात नवी सून आली होती. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिने अंधुक उजेडात मापानं तांदूळ काढले, धुतले आणि कुकर लावला. सासरा शेतातून आला, पिंपात हात घालून मोजायला लागला, तर एक काडतूस कमी. तेवढ्यात स्वयंपाकघरात पहिली शिट्टी झाली!

त्याने घरातल्या सगळ्यांना बाहेर काढलं. म्हातारी आईसुद्धा उचलून अंगणात आणली. पण गॅस बंद करायला आत कोण जाणार? दुसरी शिट्टी झाली. मुलगा निघाला, तर आईने त्याचा हात धरला. सासरा पुढे झाला, तो उंबऱ्याशी थांबला. तेव्हा सून पदर खोचून आत गेली, गॅस बंद केला, बाहेर आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "मी लावलाय न्हवं कुकर? मग मीच बंद करणार."

संध्याकाळपर्यंत कुणी आत गेलं नाही. शेवटी कुकर उघडला, तर भातात काडतूस नव्हतंच. ते पिंपाच्या बुडाशी होतं.

मी हसले. मिस्त्रीही हसले. आप्पासाहेब चंदगडच्या माणसाकडे वळले. इतक्या आठवड्यांत त्यांनी परक्याला पहिल्यांदा काही विचारलं.

"सून कशी हाय आता?"

"चांगली हाय की. माहेराला गेलीया, चार दिवस झालं."

"आणा लवकर," आप्पासाहेब म्हणाले. "घरात माणूस पायजे."

*

मग निवडणूक लागली. आचारसंहितेत बंदुका जमा कराव्या लागतात. काही लोक पोलीस स्टेशनात करतात, काही आमच्याकडे. रॅक भरून गेले, बंदुका भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. शाहूवाडीचे शेतकरी हवालदिल. रोज गवे शिवारात उतरतात आणि त्यांना भेडसावायला हवेत एक बार काढायचीही सोय नाही. एकाने सुतळी बॉम्ब वाजवून बघितले. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "गवं गेलं न्हाईत. शेजारी गाव सोडून चाललाय."

दुसऱ्यांना ते दिवस कठीण गेले. मी मात्र निवांत होते. कायद्यानेच बंदूक देता येत नव्हती. आप्पासाहेब तरीही दर मंगळवारी यायचे, बाकावर बसायचे, विचारायचे नाहीत. निकालाच्या दिवशी गल्लीत गुलाल उधळत होते, हलगी वाजत होती. मी दुकानात बसून पुढचा मंगळवार किती दिवसांवर आहे ते मोजत होते.

त्या मंगळवारी आप्पासाहेब एकटे आले नाहीत. बरोबर पोलीस स्टेशनचे एक तरुण उपनिरीक्षक होते. आप्पासाहेबांनी रीतसर अर्ज दिला होता. जमा पावतीची प्रत, परवान्याची प्रत, कोणत्या तारखांना आले त्याची यादी. हेडक्लार्कचं काम, एक अक्षर खोडलेलं नव्हतं.

उपनिरीक्षक साहेब सभ्यपणे बोलले. एवढे महिने बंदूक अडवून ठेवायचं कारण काय, म्हणाले. मी दुरुस्ती असं सांगितलं. "मग उघडून दाखवा," ते म्हणाले.

शनिवारी मिस्त्रींनी ती बंदूक तेल घालून पुसली होती. घोडा खणखणीत वाजलेला मी माझ्या कानांनी ऐकला होता.

मिस्त्रींनी रॅकमधून दुनळी आणली. स्क्रू काढायला त्यांनी जेवढा वेळ लावता येईल तेवढा लावला. बाजूची पट्टी निघाली. साहेब वाकले. आप्पासाहेबही वाकले. आत स्प्रिंगची जागा रिकामी होती.

"नाहीय की खरंच," साहेब म्हणाले. त्यांनी अर्जाखाली शेरा लिहिला, की स्प्रिंग उपलब्ध होताच बसवून बंदूक तत्काळ परत द्यावी. आप्पासाहेबांनी त्याची प्रत मागून घेतली, फोल्डरमध्ये सगळ्यात वर लावली आणि कुणाकडे न बघता गेले. चहा घेतला नाही.

गाडी गल्लीबाहेर गेल्यावर मिस्त्रींनी चष्म्याचं घर उघडलं. आत स्प्रिंग होती.

"दर मंगळवारी सकाळी काढून ठेवतोय," ते म्हणाले. "खोटं बोलायचं म्हंजे माल तरी खरा पायजे."

*

पुढच्या मंगळवारी आप्पासाहेब आले नाहीत.

अकरा वाजले, बारा वाजले. मिस्त्रींनी चहा मागवला आणि न पिता बाजूला ठेवला. मी सुमनताईंना फोन लावला. वाजत राहिला. संध्याकाळी लावला, तेव्हाही उचलला नाही. बुधवारी त्यांचा एका ओळीचा मेसेज आला: "घरी नाहीत. बाहेरगावी जातात. सांगत नाहीत कुठे." मी तो मिस्त्रींना वाचून दाखवला. बंदूक आपल्याकडे आहे ना, असं मी म्हणाले. ते म्हणाले, "बंदूक हाय. माणूस कुठं हाय?"

त्याच्या पुढचा मंगळवारही गेला. त्या आठवड्यात मी रोज सकाळी पेपर उघडला, तो मागच्या पानापासून.

तिसऱ्या मंगळवारी अकराला ते आले. दाढी केलेली. शर्ट इस्त्रीचा. टेबलावर फोल्डर ठेवलं, साहेबांचा शेरा वरच होता. त्याच्यावर कागदाची एक लहान पुडी ठेवली.

"बेळगावला गेलतो," ते म्हणाले.

मिस्त्री आतून बाहेर आले.

आप्पासाहेबांनी बसल्या जागेवरून सगळं सांगितलं. दोन खेपा झाल्या. आधी दुकानं हिंडले, तिथे काही मिळालं नाही. मग कुणीतरी एका म्हाताऱ्या कारागिराचं घर दाखवलं. तो आता काम करत नाही. त्याच्या दारात दोन दिवस बसले. बाजूची पट्टी निघाली तेव्हा रिकामी जागा नीट बघून ठेवली होती, तिचं चित्र पेन्सिलने काढून नेलं होतं. म्हाताऱ्याने जुनी पेटी उपसली आणि एक स्प्रिंग काढून घासून दिली.

मिस्त्रींनी पुडी सोडली. निळसर पोलादाची, दुमडलेली, बोटाएवढी स्प्रिंग. त्यांनी ती खिडकीशी नेली, उजेडात फिरवली. पक्कड घेऊन दाबली, सोडली. पुन्हा दाबली. रॅकमधून दुनळी काढली, पट्टी उघडली आणि स्प्रिंग जागेवर धरून बघितली. मी टेबलामागून बघत होते. ती केसभरही इकडेतिकडे झाली नाही. तिथल्यासाठीच घडवल्यासारखी बसली.

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिले. बेळगावच्या माणसाविषयी ते महिनोन्‌महिने वाटेल ते सांगू शकले. पण हातात वस्तू धरून तिच्याविषयी खोटं बोललेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. चांगल्याला चांगलं, वाईटाला वाईट, गिऱ्हाईक कोणीही असो.

माझ्यासमोर शेरा होता. तत्काळ परत द्यावी. मी काहीतरी बोलायला हवं होतं. फोनवर हो म्हणणारी मी होते. गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला. आप्पासाहेबांचे हात मांडीवर होते आणि ते हलत नव्हते.

मिस्त्रींची मान वर होईना.

तेव्हा आप्पासाहेब बाकावरून उठले, खिडकीशी गेले आणि त्यांच्या शेजारी उभे राहिले.

"नीट बघा, मिस्त्री," ते हळू आवाजात म्हणाले. "ही बी खराबच असंल."

मिस्त्रींनी त्यांच्याकडे बघितलं. मग स्प्रिंगकडे बघितलं.

"व्हय," ते म्हणाले. "खराब हाय."

"वाटलंच मला." आप्पासाहेबांनी फोल्डर उचलून काखेत घेतलं. "बेळगावचा माल असाच निघतोय. मंगळवारी येतो."